वार : गर्भाची पाठराखीण – कृत्रिम गर्भधारणा आणि वारेचे कार्य

नव्या नवरीला सासरी धाडताना तिच्यासोबत पाठराखीण धाडण्याची रीत आपल्याकडे आहे. अनोळखी घरात नवरीला काय हवे-नको ते पाहायचे, तिच्या वतीने चार शब्द बोलायचे आणि काम झाले की मुकाट्याने परत फिरायचे, एवढेच पाठराखणीचे काम. निसर्गानेही प्रत्येक जीवाला आईच्या पोटात अशी एक पाठराखीण दिलेली आहे. तिचे नाव वार. म्हैस व्याली की गोठ्यातला जाणता माणूस आधी ‘जार पडली का?’ असे विचारतो. पण घरात बाळंतपण झाले की ‘मुलगा की मुलगी?’ हाच प्रश्न सर्वांच्या तोंडी असतो. ज्या मातीत नाळ पुरली त्या मातीशी आपण नाते सांगतो, परंतु त्या नाळेचे दुसरे टोक ज्या अवयवात रुजलेले होते त्याची आठवण कोणी ठेवत नाही.

आज ही आठवण काढण्यास कारण आहे. टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार आता मुंबई-पुण्यापुरते राहिलेले नाहीत. कोल्हापूर, सांगली-मिरज, बेळगाव अशा कागलहून सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येईल अशा शहरांत ते मिळतात. आपल्या समाजातील जोडपीही दागिने गहाण टाकून, पतसंस्थेचे कर्ज काढून तेथे जातात. मात्र ही गोष्ट लपवून ठेवली जाते. शेजारणीपासून लपवतात ते एक वेळ समजू शकते. पण पुढे गावाजवळ बाळंतपणासाठी नाव घालताना तेथील डॉक्टरांपासून आणि आशाताईंपासूनही लपवतात. याचे कारण दोन प्रकारचे बोलणे कानावर पडते. एक बोलणे असे की ‘ते मूल खरे नव्हे, काचेतले, कमजोर निघायचे.’ दुसरे बोलणे असे की ‘एकदा गर्भ राहिला की सगळे सारखेच, वेगळे काही सांगायची गरज नाही.’ यातले पहिले बोलणे चुकीचे आहे आणि दुसरे अपुरे आहे. खरा फरक मुलात शोधण्यापेक्षा वारेत शोधला पाहिजे, असे गेल्या काही दशकांचे संशोधन सांगते.

तथागतांनी कालामांना जो उपदेश केला त्याचा आशय आपणा सर्वांस ठाऊक आहे : परंपरेने आले म्हणून, ग्रंथात लिहिले म्हणून किंवा थोर माणसाने सांगितले म्हणून कोणतीही गोष्ट खरी मानू नये, तपासून पाहावी. आम्ही वैद्यकीय क्षेत्रातले नाही. कला शाखेची पदवी आणि बँकेतील कारकुनी एवढीच आमची शिदोरी. तरी तपासून पाहण्याच्या याच वाटेने जे समजले ते सोप्या भाषेत मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

थोडा इतिहास

२५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमध्ये लुईस ब्राऊन ही मुलगी जन्मली. शरीराबाहेर फलन करून जन्मलेले हे जगातील पहिले मूल. रॉबर्ट एडवर्ड्स हे शास्त्रज्ञ, पॅट्रिक स्टेप्टो हे डॉक्टर आणि जीन पर्डी या परिचारिका व प्रयोगशाळेतील सहकारी, अशा तिघांच्या अनेक वर्षांच्या श्रमाचे ते फळ होते. एडवर्ड्स यांना २०१० साली नोबेल पारितोषिक मिळाले. तोपर्यंत उरलेले दोघे हयात नव्हते.

लुईस जन्मल्यानंतर अवघ्या सत्तर दिवसांनी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कलकत्त्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नाने अशीच एक मुलगी जन्मली. त्यांनी तर भ्रूण गोठवून ठेवून नंतर गर्भाशयात सोडला होता. पण सरकारी समितीने त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही, त्यांची हेटाळणी झाली, आणि १९८१ साली त्यांनी आत्महत्या केली.

महाराष्ट्रात हा मान मुंबईला मिळाला. परळच्या के. ई. एम. रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून एक मुलगी जन्मली. परळमध्येच भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची प्रजनन संशोधन संस्था आहे. तिचे त्या वेळचे संचालक डॉ. टी. सी. आनंद कुमार हे या कामातील शास्त्रज्ञ होते. शास्त्रीय नोंदीसह सिद्ध झालेले भारतातील पहिले टेस्ट ट्यूब बाळ म्हणून या मुलीची नोंद झाली. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट म्हणजे हे रुग्णालय महानगरपालिकेचे, म्हणजे गोरगरिबांचे. पुढे आनंद कुमार यांनी मुखोपाध्यायांचे जुने कागद स्वतः तपासले आणि १९९७ साली जाहीरपणे सांगितले की पहिलेपणाचा मान आपला नसून त्यांचा आहे. आपल्या नावावर असलेला मान पुराव्यानिशी दुसऱ्याला देणे ही साधी गोष्ट नव्हे. सम्यक दृष्टीचे असे उदाहरण विद्यार्थ्यांनी जरूर लक्षात ठेवावे.

आजवर जगभरात या मार्गाने एक कोटीहून अधिक मुले जन्मली आहेत. तेव्हा या उपचाराची ‘होईल का?’ ही पायरी मागे पडली. ‘होताना काय बदलते?’ हा आजचा प्रश्न आहे.

वार म्हणजे काय?

स्त्रीबीज आणि शुक्रजंतू यांचे मीलन झाले की एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार अशा पेशी वाढत जातात. पाचव्या-सहाव्या दिवशी त्यांचा एक पोकळ गोळा तयार होतो. या गोळ्यात दोन भाग स्पष्ट दिसतात. आतला पुंजका, ज्यातून बाळ होते. आणि बाहेरचे आवरण, ज्यातून मुख्यतः वार होते. म्हणजे वार ही आईची नसते, तर बाळाच्याच कुळातली असते. बाळाइतकाच बापाचा वाटा तिच्यातही असतो. एकाच बीजातून निघालेली ही दोन भावंडे. एक जग पाहते, दुसरे त्याला जगात पोहोचवून संपते.

हे बाहेरचे आवरण गर्भाशयाच्या अस्तरात रुजते. तेथील आईच्या रक्तवाहिन्या बारीक आणि मळसूत्रासारख्या वळणदार असतात. वारेच्या पेशी त्यांच्यात शिरतात आणि त्यांच्या भिंती सैल करून तोंडे रुंद करतात. उसाला पाणी पाजणाऱ्याला हे चटकन समजेल. पाट अरुंद राहिला तर पाणी एक तर पोहोचत नाही, नाही तर जोराने येऊन सरी फोडते. पाट रुंद झाला की पाणी संथ आणि भरपूर वाहते. हे पाट रुंद करण्याचे काम गर्भारपणाच्या पहिल्या निम्म्या काळात, साधारण विसाव्या आठवड्यापर्यंत, होऊन जाते. ते तेव्हा नीट झाले नाही तर त्याचे परिणाम पुढच्या महिन्यांत दिसतात.

दिवस भरतात तेव्हा वारेचे वजन सुमारे अर्धा किलो असते आणि ती भाकरीएवढी गोल, पण जाड असते. आतील अंकुरांचा पृष्ठभाग पसरला तर दहा चौरस मीटरहून अधिक भरेल. आईचे रक्त आणि बाळाचे रक्त एकमेकांत मिसळत नाही. पातळ पडद्याच्या अलीकडे-पलीकडे राहून देवाणघेवाण चालते. प्राणवायू, साखर, क्षार, रोगप्रतिकारक द्रव्ये आत जातात. कचरा बाहेर येतो. फुप्फुस, मूत्रपिंड, आतडे आणि संप्रेरकांची ग्रंथी या सर्वांची कामे नऊ महिने हा एकच अवयव करतो.

वारेतील प्रथिने

ही कामे प्रत्यक्ष करणारे मजूर म्हणजे प्रथिने. त्यांपैकी काहींची नावे गर्भवतीच्या तपासणीच्या कागदावर आपण पाहिलेली असतात. एचसीजी हे वारेचे पहिले संप्रेरक. लघवीच्या तपासणीत ‘दिवस गेले’ असे दाखवते ते हेच. पॅप-ए नावाचे प्रथिन वाढीच्या घटकांना मोकळे करते. पीएलजीएफ हे प्रथिन नव्या रक्तवाहिन्या फुटण्यास मदत करते. याच्या उलट एसफ्लिट-१ नावाचे प्रथिन पीएलजीएफला धरून ठेवते आणि त्याचे काम रोखते. या दोहोंचा तोल महत्त्वाचा असतो. पाट अरुंद राहून वारेची उपासमार झाली की एसफ्लिट-१ जास्त प्रमाणात सुटते, आईच्या रक्तवाहिन्या बिघडतात, रक्तदाब चढतो, लघवीतून प्रथिने जाऊ लागतात. यालाच डॉक्टर प्री-एक्लॅम्प्सिया म्हणतात. वेळीच लक्ष दिले नाही तर झटके येतात आणि आई व बाळ दोघांच्या जिवावर बेतते. याशिवाय साखर, अमिनो आम्ले इत्यादी पलीकडे नेणारी वाहक प्रथिनेही वारेत असतात.

प्रथिनांची मोजदाद करण्याची एक रीत अशी : बाळंतपणानंतर वारेचा लहानसा तुकडा घेतात, त्यातील प्रथिने वेगळी करतात आणि विद्युतभार व वजन यांनुसार एका पातळ थरावर पसरतात. प्रत्येक प्रथिनाचा एक ठिपका उमटतो. नैसर्गिक गर्भाच्या वारेचे ठिपके आणि उपचारानंतरच्या गर्भाच्या वारेचे ठिपके शेजारी शेजारी ठेवून कोणता गडद, कोणता फिका ते पाहतात. चीनमधील संशोधकांनी २००८ साली अशी तुलना प्रसिद्ध केली. त्यात काही प्रथिने वाढलेली आणि काही घटलेली आढळली. म्हणजे वार तीच, काम तेच, पण मजुरांच्या हजेरीपटात फरक. मात्र ठिपका फिका झाला म्हणजे रोग झाला असे नव्हे. कधी कधी वार अडचणीवर मात करण्यासाठीही आपली घडी बदलते, हे विसरू नये.

फरक कोठून येतो?

शरीराबाहेरील गर्भधारणेत तीन ठिकाणी निसर्गाचा क्रम बदलतो.

पहिले ठिकाण म्हणजे औषधे. एरवी महिन्याला एक स्त्रीबीज पिकते. उपचारात इंजेक्शने देऊन एका वेळी अनेक बीजे पिकवतात. त्यामुळे इस्ट्रोजेन नावाचे संप्रेरक नेहमीपेक्षा कितीतरी पटींनी वाढते. अशा अस्तरात लगेच भ्रूण सोडला तर रुजण्याची जमीन थोडी वेगळ्या ओलीची असते. ताज्या भ्रूणापासून झालेली बाळे सरासरीने थोडी कमी वजनाची आणि थोडी आधी जन्मलेली आढळतात.

दुसरे ठिकाण म्हणजे काचेची बशी. पहिले तीन ते पाच दिवस भ्रूण बीजवाहक नलिकेऐवजी एका पोषक द्रवात वाढतो. हे दिवस थोडे असले तरी मोलाचे असतात. आपल्या प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. बहुतेक जनुकांच्या दोन्ही प्रती चालू असतात. पण काही मोजक्या जनुकांवर ‘ही प्रत चालवू नये’ अशी रासायनिक खूण असते. आम्हां बँकेतल्या माणसांना हे लगेच पटते. खाते वहीत असते, शिल्लकही असते, पण ‘व्यवहार थांबवला’ असा शेरा असल्याने त्यावर उचल देता येत नाही. अशा शेऱ्याच्या जनुकांपैकी बापाकडून चालणारी काही जनुके वार आणि गर्भ वाढवू पाहतात, तर आईकडून चालणारी काही जनुके त्या वाढीला आवर घालतात. पहिल्या दिवसांत इतर जनुकांवरील खुणा पुसून नव्याने लिहिल्या जातात आणि या मोजक्या खुणा मात्र जपून ठेवायच्या असतात. नेमके हेच दिवस भ्रूण बशीत काढतो.

उंदरांवर २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असे दिसले की बशीत वाढवलेल्या भ्रूणांत या खुणा पिलाच्या शरीरात बहुतांशी शाबूत राहिल्या, पण वारेत ढिल्या पडल्या. असे का व्हावे? एक सरळ कारण डोळ्यांसमोर आहे : बशीतल्या द्रवाला प्रत्यक्ष भिडते ते बाहेरचे आवरण, आणि त्याचीच पुढे वार होते. पाठराखणीने आपल्या अंगावर झेलले असेच म्हणावे लागेल. बशीतल्या द्रवाचा परिणाम माणसांतही दिसला आहे. नेदरलँड्समध्ये दोन वेगवेगळे पोषक द्रव चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे जोडप्यांना वाटून तुलना केली गेली. २०१६ साली आलेल्या निष्कर्षात दोन गटांतील बाळांच्या सरासरी वजनात सुमारे १५८ ग्रॅमचा फरक निघाला. उपचार तोच, फक्त द्रव वेगळा.

तिसरे ठिकाण म्हणजे गोठवण. आता अनेक ठिकाणी भ्रूण उणे १९६ अंश तापमानात गोठवून पुढच्या एखाद्या महिन्यात सोडतात. तो सोडताना दोन रीती आहेत. एक, बाईची नैसर्गिक पाळी पाहून सोडणे. दुसरी, गोळ्या-औषधांनी अस्तर तयार करून ठरलेल्या दिवशी सोडणे. पहिल्या रीतीत बीज बाहेर पडल्यावर बीजांडकोशात जो पिवळा पिंड तयार होतो, तो रिलॅक्सिनसारखी द्रव्ये सोडतो आणि आईच्या रक्तवाहिन्यांना गर्भारपणासाठी सैल करतो. दुसऱ्या रीतीत हा पिंड तयारच होत नाही. गोळीने प्रोजेस्टेरॉन भरून निघते, पण पिंडाची बाकीची द्रव्ये भरून निघत नाहीत. या दुसऱ्या रीतीने राहिलेल्या गर्भारपणात रक्तदाबाचा त्रास अधिक आढळतो, तो यामुळे असावा असे तज्ज्ञ मानतात.

परिणाम कोणते आणि किती?

आकड्यांशिवाय भीती वाढते, म्हणून आकडे पाहू. नॉर्वे, स्वीडन आणि डेन्मार्क या देशांच्या नोंदींवरून केलेल्या मोठ्या अभ्यासात एकाच बाळाच्या नैसर्गिक गर्भारपणात रक्तदाबाचे विकार शंभरात सुमारे चार स्त्रियांना झाले. गोठवलेल्या भ्रूणानंतर हे प्रमाण शंभरात सुमारे सात झाले. धोका वाढला हे खरे. पण शंभरातील नव्वदाहून अधिक स्त्रियांना हा त्रास झाला नाही, हेही तितकेच खरे.

येथे चौकस वाचक विचारील की हा दोष उपचाराचा की मुळातल्या वंध्यत्वाचा? उपचार घेणाऱ्या स्त्रियांचे वय जास्त असते, काहींना आधीपासून आजार असतात. प्रश्न रास्त आहे. त्यासाठी याच अभ्यासात अशा माता निवडून पाहिल्या की ज्यांचे एक मूल गोठवलेल्या भ्रूणापासून आणि दुसरे नैसर्गिक रीतीने झाले होते. आई तीच असूनही गोठवलेल्या भ्रूणाच्या खेपेला धोका अधिकच दिसला. म्हणजे सगळे खापर बाईच्या शरीरावर फोडता येत नाही. प्रतीत्यसमुत्पादाची शिकवण आपल्याला हेच सांगते : एका कार्याला अनेक कारणे असतात, आणि ती शोधायची असतात ती दुःख कमी करण्यासाठी, दोष देण्यासाठी नव्हे.

याखेरीज वार गर्भाशयाच्या तोंडाशी खाली असणे, वार वेळेआधी सुटणे आणि वार भिंतीला घट्ट चिकटून राहणे या तीन गोष्टी उपचारानंतरच्या गर्भारपणात तुलनेने अधिक आढळतात. या तिन्हींत मोठा रक्तस्राव होऊ शकतो. दुसऱ्या स्त्रीचे बीज घेतले असेल तर रक्तदाबाचा धोका आणखी वाढतो, कारण तेथे वार आईच्या शरीराला सर्वस्वी परकी असते. जुळी असतील तर वारेवरचा भार वाढतो, तो वेगळाच.

आणि मुले? बहुसंख्य मुले निरोगी जन्मतात, शिकतात, संसार करतात. खुणांच्या बिघाडातून होणारे बेकविथ-विडेमनसारखे विकार अशा मुलांत काहीसे अधिक आढळतात, पण मुळातच ते हजारो मुलांत एखाद्याला होणारे आहेत. लुईस ब्राऊन २००६ साली नैसर्गिक रीतीने आई झाली. मुंबईत १९८६ साली जन्मलेली मुलगीही २०१६ साली आई झाली. ‘काचेतले मूल कमजोर’ या बोलण्याला याहून वेगळे उत्तर देण्याची गरज नाही.

मग करायचे काय?

पहिली गोष्ट, उपचार लपवू नका. बाळंतपण ग्रामीण रुग्णालयात करा, कोल्हापूरच्या सी. पी. आर. मध्ये करा की खाजगीत करा, पहिल्याच भेटीत गर्भ कसा राहिला ते सांगा. ताजा भ्रूण की गोठवलेला, पाळी पाहून सोडला की औषधांवर, बीज स्वतःचे की दुसऱ्याचे, भ्रूण किती सोडले, हे लिहिलेला कागद उपचार केंद्राकडून मागून घ्या आणि माता-बाल कार्डासोबत ठेवा.

याचा उपयोग लगेच होतो. तिसऱ्या महिन्याच्या सुमारास डबल मार्कर नावाची रक्ततपासणी होते. तिच्यात पॅप-ए आणि एचसीजी मोजून बाळाला डाऊन सिंड्रोमचा धोका किती ते काढतात. उपचारानंतरच्या गर्भारपणात वारेतून पॅप-ए मुळातच काहीसे कमी येते, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. प्रयोगशाळेला हे माहीत नसेल तर हिशेब चुकतो आणि निरोगी गर्भाच्या अहवालावर ‘धोका अधिक’ असा शेरा पडतो. दुसऱ्या स्त्रीचे बीज असेल तर हिशेबात त्या स्त्रीचे वय धरावे लागते. एक गोष्ट लपवली की घरावर किती दिवसांची झोपमोड ओढवते पाहा!

दुसरी गोष्ट, रक्तदाब. प्रत्येक भेटीत तो मोजून घ्यावा, लघवीतील प्रथिने तपासावीत. डोके सतत दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे, छातीच्या खाली पोटात कळ, तोंडा-हातांवर अचानक सूज, यांपैकी काही झाले तर सकाळची वाट पाहू नये. धोका अधिक असेल तर डॉक्टर तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून ॲस्पिरिनची कमी मात्रेची गोळी देतात. योग्य स्त्रीला योग्य वेळी दिली तर वेळेआधी होणारा प्री-एक्लॅम्प्सिया बराच टळतो, हे २०१७ साली मोठ्या चाचणीत सिद्ध झाले आहे. पण ही गोळी स्वतःच्या मनाने घ्यायची नव्हे.

तिसरी गोष्ट, सोनोग्राफीत ‘वार कोठे आहे?’ हे विचारा. मुलगा की मुलगी हे विचारणे गुन्हा आहे. वार कोठे आहे हे विचारणे आपला हक्क आहे. वार खाली किंवा चिकटलेली असेल तर रक्ताची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयातच नाव घालावे.

चौथी गोष्ट, भ्रूण सोडण्याआधी डॉक्टरांशी बोला. एकच भ्रूण सोडता येईल का? माझी पाळी नियमित असेल तर गोळ्यांऐवजी तिच्यावर सोडता येईल का? हे प्रश्न विचारण्यात उद्धटपणा नाही.

पाचवी गोष्ट कायद्याची. जननसाहाय्य तंत्रज्ञानाचे नियमन करणारा कायदा २०२१ साली झाला आणि जानेवारी २०२२ पासून लागू झाला. त्यानुसार प्रत्येक केंद्राची नोंदणी सक्तीची आहे. उपचारासाठी स्त्रीचे वय २१ ते ५० आणि पुरुषाचे २१ ते ५५ असावे लागते. नोंदणीचा दाखला पाहिल्याशिवाय पैसे भरू नयेत. एका खेपेचा खर्च सहज लाखाच्या वर जातो आणि प्रत्येक खेप यशस्वी होतेच असे नाही. तेव्हा कर्ज काढण्यापूर्वी दोन खेपा फसल्या तर काय, याचा विचार नवरा-बायकोने एकत्र बसून करावा. गोव्यात बांबोळीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात २०२३ साली हे उपचार मोफत देणारे केंद्र सुरू झाले. १९८६ साली पालिकेच्या रुग्णालयातून सुरुवात करणाऱ्या महाराष्ट्राने प्रत्येक विभागात अशी सोय करावी, ही मागणी आपल्या संस्थांनी लावून धरायला हवी.

समाजापुढचा प्रश्न

दीक्षेनंतर आपण नवस सोडले, अंगारे-धुपारे सोडले. पण मूल नाही म्हणून बाईला बोल लावणे पूर्णपणे सोडले काय? जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितले की जगात साधारण सहापैकी एका प्रौढ व्यक्तीला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला तोंड द्यावे लागते. त्यात पुरुषांकडील कारणे मोठ्या प्रमाणावर असतात. आपल्या देशात क्षयरोगाने बीजवाहक नलिका बंद होणे हेही एक कारण आहे. तरीही बारशाला, डोहाळजेवणाला बोलावताना कोणाचे नाव गाळले जाते ते आपण जाणतो. उपचार लपवण्याचे मूळ या गाळलेल्या नावात आहे. समाज टोचून बोलतो म्हणून घर लपवते, घर लपवते म्हणून डॉक्टरला कळत नाही, आणि डॉक्टरला कळले नाही म्हणून वारेतला बिघाड उशिरा सापडतो. ही कारणांची साखळी आहे, आणि तिची पहिली कडी आपल्या जिभेवर आहे.

बाबासाहेबांनी २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात प्रसूती-लाभ विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी आणि नंतर कामकरी स्त्रीला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार सरकारनेही उचलला पाहिजे, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. वारेचे आजचे शास्त्र त्या वेळी नव्हते. पण आईच्या पोटातले महिने हे समाजाच्या जबाबदारीचे महिने आहेत, हे त्यांनी ओळखले होते. मार्च १९२० मध्ये ज्या कागल जहागिरीतील माणगावी राजर्षी शाहू महाराजांच्या उपस्थितीत बाबासाहेबांची परिषद भरली, त्या परिसरातली आपण माणसे. हा विचार आपल्या घरातून सुरू व्हायला हवा.

आणि उपचाराला यश आले नाही तर? महामाया सिद्धार्थाच्या जन्मानंतर सातव्या दिवशी गेल्या. त्याला वाढवले ते महाप्रजापती गौतमींनी. तथागतांचे गौतमीशी असलेले नाते ना नाळेचे होते ना वारेचे, तरी ते आईचेच होते. दत्तक घेण्याचा मार्ग कायद्याने आपल्याला खुला आहे, आणि तो दुय्यम मार्ग नव्हे.

वार नऊ महिने राबते आणि बाळाला सुखरूप पोहोचवून बाजूला होते. तिची जागा त्यानंतर घरातल्या आणि वस्तीतल्या माणसांनी घ्यायची असते. येत्या वर्षी आपल्या महिला मंडळाने आणि विद्यार्थ्यांनी आशाताईंना सोबत घेऊन गर्भवतींसाठी एक माहिती-बैठक ठेवावी, तीत रक्तदाब मोजण्याचे यंत्र असावे, आणि ‘गर्भ कसा राहिला’ हे मोकळेपणाने सांगता येईल असे वातावरण असावे, एवढी सूचना करून आम्ही थांबतो.

जयभीम! नमो बुद्धाय!